चामड्याच्या पट्टीखाली

ब्रुकव्हेल, कनेक्टिकट
९ मार्च १९११

एमेट,

हॅट पोचली. आईला मूठमाती देऊन तू गेलास त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तुझ्याकडून आलेली ही पहिली वस्तू. खोक्यातले कागदाचे सगळे बोळे मी उलगडून बघितले, म्हटलं एखादी चिठ्ठी असेल. नाही. एक ओळ लिहायला काय जात होतं रे तुझं? निदान 'बाबांसाठी' एवढं तरी. आत बाबांच्या डोक्याचं माप बघितलं म्हणून कळलं, नाहीतर मला वाटलं असतं सेंट लुईसच्या पोस्टानं चुकून कोणाची तरी आमच्या गळ्यात मारली.

बाबा टेबलाशीच होते. खोकं बघितलं, पोस्टाचा शिक्का बघितला. मी हॅट त्यांच्यापुढं ठेवली तर त्यांनी ती आधी उलटी केली. सरळ बघितलीच नाही. अंगठा चामड्याच्या पट्टीखाली घालून सगळीकडून फिरवला, आणि म्हणाले, "नाही."

"कुठून असणार?" मी म्हटलं. "तो ज्या कारखान्यात आहे तिथं कामगारांची युनियन आहे का, तिचं लेबल आत असायला?"

"मी विचारलं नाही, विने. मी बघितलं."

मग त्यांनी ती उचलून फडताळावर, आईच्या चहाच्या किटलीशेजारी ठेवली. परत पाठव म्हणाले नाहीत. टाकून दे असंही म्हणाले नाहीत. तू यातून काय घ्यायचं ते घे.

विचारणार नाहीस, पण सांगते. त्यांचे हात आता फार थरथरतात. कप तोंडाशी जाईपर्यंत निम्मा चहा बशीत असतो. दाढी मी करते. डॉक्टर हातांचं काही मनावर घेत नाहीत, हॅटच्या कारखान्यांत पाऱ्याच्या वाफेत आयुष्य काढलेल्या या गावात कोणाचे हात जागेवर आहेत? त्यांना काळजी छातीची आहे. जिना चढायचा नाही, भाषणं करायची नाहीत, म्हणून सांगितलंय. जिना बंद केला. भाषणं मला करतात.

आणि हे मुख्य: ते युनियनचं अध्यक्षपद सोडतायत. चौदा मे, रविवार, दुपारी युनियनच्या हॉलमध्ये जेवण आहे. बावीस वर्षं झाली त्या खुर्चीला. कोणाला खरं वाटत नाहीय, मला तर मुळीच नाही.

पुढचं सगळं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते कधी कोणी ऐकलं नाही. मालकांनी कारखान्यांना कुलपं लावली त्या हिवाळ्यात तुझ्या एल्साला घटसर्प झाला आणि औषधाच्या पैशांसाठी तू नदीपलीकडच्या बिनयुनियनच्या कारखान्यात कामाला गेलास. जो तिथं पाय ठेवेल तो बाटला. त्याचं नाव हॉलमध्ये मोठ्यानं वाचायचं, आणि मग कोणाही चोख, म्हणजे युनियनच्या माणसानं त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. त्यांचा दोस्त बार्टी क्विन बाबांना म्हणाला होता, "कॉन, पोराचं नाव तू नको वाचूस, मी वाचतो." बाबांनी ऐकलं नाही. म्हणे, परक्यांच्या पोरांची नावं मी वाचली, माझ्या पोराचं दुसऱ्यानं का वाचावं? वाचलं. घरी आले आणि जेवले नाहीत.

दंड भरून, 'चूक झाली' म्हणून तू कधीच परत चोख झाला असतास. सगळे तुझ्या बाजूनं हात वर करायला तयार होते. तू हॉलमध्ये उभा राहून म्हणालास, "चूक झाली असं मला म्हणता येणार नाही. पोर जगली." बाबा मान खाली घालून ऐकत होते. तुझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही, हीच पंचाईत आहे.

मग आई गेली, तिच्या मयताच्या जेवणाला तू आलास. आत सगळा गाव टेबलाभोवती, आणि तू मागच्या पायरीवर मांडीवर ताट घेऊन. मीच आणून दिलं ते. बाबा आत, तू बाहेर, मध्ये जाळीचं दार. तू निम्मं ताट ठेवून स्टेशनवर गेलास, आणि ते ताट मी उचललं.

मला काय हवंय ते सरळ सांगते, म्हणजे उगाच तर्क करायला नको. तुम्हा दोघांना एकदा, एकाच टेबलावर बसून जेवताना मला बघायचंय. डॉक्टर ज्या आवाजात छातीबद्दल बोलतात त्यावरून फार वेळ नाही. ते नियम मोडणार नाहीत. तू माफी मागणार नाहीस. तरी लिहून ठेवते.

विनी


१७ एप्रिल १९११

एमेट,

काल ईस्टर झाला. म्हणजे आमची हाडं मोकळी झाली. ईस्टरच्या आधी सगळ्या देशाला एकाच वेळी आठवतं की आपली हॅट जुनी झाली. मी अजून त्याच बाकावर, चामड्याच्या पट्ट्या आणि लेबलं शिवते. बोटांना घट्टे आहेत, पण बोटं जागेवर आहेत. शिवणवाल्या बायकांना पारा कमी लागतो, एवढंच आमचं नशीब.

दुपारी बार्टी आला होता. जेवणाच्या वेळी त्याला बाबांच्या आयुष्यावर बोलायचंय म्हणून माहिती काढायला. बार्टीला तू बघशील तर हसशील. पोट वाढलंय, केस गेलेत, आणि हॅटचा काठ वळवायला मात्र अजून सगळा कारखाना त्याच्याकडेच येतो. बसल्या बसल्या त्यानं तुझी चौकशी केली. बाबांच्या देखत नाही, मी चहा ओतत होते तेव्हा कानाशी. "माझं कार्टं कसं आहे?" तुला त्यानंच शिकवलं म्हणून अजून 'माझं कार्टं'च म्हणतो. तुझ्याबरोबर जेवणार नाही, पण चौकशी करणार.

बाबा काही सांगेनात. "लिही, जन्मलो कॉर्कला, मोठा झालो फेल्टच्या गरम पाण्याच्या कढईवर. संपलं."

"अरे लेका, तेवढ्यावर मी काय बोलू? सूप यायच्या आधी संपेल!"

"मग सूप लवकर आणा."

शेवटी बार्टीच सांगत बसला आणि बाबा चुकलेलं दुरुस्त करत बसले. न्यायाधीशाचा मनाई हुकूम मोडला म्हणून तुरुंगात गेले ते. तिथं कैद्यांची टोपी डोक्यावर घेईनात, कारण आत लेबल नव्हतं. भर जानेवारीत उघड्या डोक्यानं अंगणात फेऱ्या मारल्या आणि कान सुजवून घरी आले. बार्टी म्हणाला, जेलरनं शेवटी विनवलं होतं. बाबा म्हणाले, "विनवलं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या."

मत मागायला आलेल्या त्या बड्या उमेदवारानं हात पुढं केला तर यांनी हातात हात न देता त्याच्या डोक्यावरची हॅटच काढून घेतली, उलटी केली, आणि बिनलेबलाची निघाली म्हणून भर चौकात त्याच्या हातात परत दिली. तो पडला निवडणुकीत. बाबांमुळे पडला असं बार्टीचं मत आहे. बाबांचं मत आहे की तो गाढव होता म्हणून पडला.

हार्टफर्डला सरकारी खुर्ची देत होते ती घेतली नाही, हेही निघालं. "तिथं हॅट कुठं ठेवायची तेच मला कळेना," म्हणाले. आईनं त्या वेळी आठवडाभर अबोला धरला होता, ते मात्र दोघांनीही काढलं नाही.

आणि ते दौरे. ओहायो, इंडियाना, कुठं कुठं. चर्चच्या तळघरात बायकांना बसवून हॅट उलटी करून दाखवायची. मी एकदा बरोबर गेले होते, मला ते सगळं पाठ आहे: "बायांनो, नवऱ्याचं डोकं मागाहून बघा, आधी त्याची हॅट बघा. चामड्याची पट्टी उलटा. खाली बोटभर कागद दिसेल, पोस्टाच्या तिकिटासारख्या दातेरी कडांचा. तो असेल तर ही हॅट माणसांनी माणसासारखं राहून केलीय. आणि दुकानदार म्हणाला, माझ्याकडे सुटं लेबल आहे, आत्ता लावून देतो, तर तिथून चालत्या व्हा. तो चोर आहे." चोर म्हणताना ते टेबलावर मूठ आपटायचे आणि पुढच्या रांगेतल्या बायका दचकायच्या.

बार्टीनं मग माझ्याकडे बघून खोडसाळपणे विचारलं, "आणि विनीच्या त्या औषधवाल्याचं सांगू का भाषणात?" मी म्हटलं, सांग की. मिस्टर प्रेंटिस. किती गोड माणूस होता. माझ्यासाठी म्हणून दारात पाऊल ठेवलं, हॅट खुंटीला लावली, आणि बाबांनी गप्पा मारता मारता खुंटीवरून काढून तिच्यात बोट घातलं. दुसऱ्या रविवारी तो आला नाही. आता ब्रिजपोर्टला असतो, चांगला जाडा झालाय म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. फारसं नाही.

तुझ्या हॅटबद्दल लिहायचं राहिलं. ती फडताळावरच आहे. पण तिच्यावर धूळ नाही, आणि मी पुसत नाही. परवा मी अचानक घरी आले तर बाबा खिडकीशी उजेडात ती धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "काठ डावीकडे जरा जास्त वळवलाय." चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालं होतं. मी म्हटलं, "हो का?" ते म्हणाले, "जरा. दुसऱ्या कोणाला दिसणार नाही." मग बराच वेळ हातातच धरून बसले. फेल्टवरून तळवा फिरवत होते, एकाच दिशेनं, आपण लहानपणी मांजरावरून फिरवायचो तसा.

आज बार्टी गेल्यावर त्यांनी सुई-दोरा मागितला. "बटण निघालंय."

"द्या इकडं, मी लावते."

"माझं बटण आहे. मी लावीन."

मी सुई ओवून दिली. ते त्यांच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत बाहेर आले नाहीत. आले तेव्हा बोटांना दोन-तीन ठिकाणी रक्त होतं. कोटाची सगळी बटणं मी नंतर बघितली. सगळी माझ्याच हातची, जशीच्या तशी. मी काही विचारलं नाही. आपल्या घरात विचारून कोणाला काय मिळालंय?

विनी


१५ मे १९११

एमेट,

हे पत्र बसून लिही, शांतपणे लिही, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतेय. क्रमानं लिहिते.

काल सकाळी बाबांची दाढी केली, कॉलर लावली. निघताना त्यांनी फडताळावरून तुझी हॅट काढली आणि डोक्यावर ठेवली. मी म्हटलं, "बाबा, ती?"

"ही."

"हॉलमध्ये?"

"हॅट घालायला असते, विने."

मला वाटलं, चला, म्हातारा शेवटच्या दिवशी हट्टाला पेटला. बिनलेबलाची हॅट म्हणजे चार शिव्या आणि दंड, जास्त काही नाही. बावीस वर्षांच्या अध्यक्षाला आज कोण शिव्या घालणार? मला मनातून बरंच वाटलं. तुझी हॅट त्यांना इतकी शोभत होती की मी दोन पावलं मागं राहून बघत चालले.

हॉलमध्ये पद्धत तीच. दारातून आत आलं की लांब टेबलावर हॅट उलटी ठेवायची, काठ वर, पट्टी दुमडून, लेबल दिसेल अशी. बाबांनी तुझी ठेवली. कडेला नाही, बरोब्बर मधोमध, बार्टीच्या हॅटशेजारी. मी नजर टाकली. पट्टीखाली लेबल होतं.

सूप झालं. बार्टीचं भाषण झालं, औषधवाला त्यानं गाळला, देव त्याचं भलं करो. हॅम अजून कापायचं होतं. लोक उठून बाबांशी हात मिळवत होते आणि येता-जाता हॅट बघत होते, कारण खरंच बघण्यासारखी आहे. हॅट करणाऱ्यांना सुंदर हॅट दिसली की हात आवरत नाहीत. बार्टीनं उचलली. काठावरून अंगठा नेला. आधी हसला, "वा, वळण बघा काय आहे," म्हणाला. मग डाव्या बाजूला अंगठा थांबला. त्याचं हसू जायला किती वेळ लागला ते मी बघत होते.

"कॉन," तो हळूच म्हणाला, "हा काठ मी शिकवलेला आहे."

"हो."

"हे एमेटचं काम आहे."

"हो."

"मग यात लेबल कसं?"

हळू बोलला, पण ऐकायला सगळे होतेच. आणि मग सगळे माझ्याकडे वळले. वळणारच. लेबलं शिवते कोण? ब्रिजेट कॉन्वे, आमच्या बाकाची प्रमुख, माझ्या बाजूलाच होती. तिनं तिची खुर्ची माझ्यापासून थोडी लांब सरकवली.

मी उभी राहिले. विचार वगैरे काही केला नाही. "मी शिवलं," म्हटलं. अध्यक्ष म्हणून म्हाताऱ्याचं शेवटचं जेवण, निदान त्यांना ते नीट होऊ दे, माझं काय जायचं ते जाऊ दे. माझं काम गेलं असतं, ब्रुकव्हेलच्या कुठल्याही बाकावर मला परत कोणी बसू दिलं नसतं. ते सगळं मला उभं राहिल्यावर आठवलं.

"बस खाली, विने," बाबा म्हणाले.

"पण बाबा..."

"बस म्हटलं ना." मग बार्टीला म्हणाले, "पट्टी पूर्ण उलट. टाके दाखव सगळ्यांना."

बार्टीनं उलटली. एमेट, काय टाके होते ते! एक लांब, एक आखूड, एक कागदाच्या बाहेर, मध्येच रक्ताचा डाग. ब्रिजेटनं पुढं वाकून बघितलं आणि तिच्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

"माझ्या मुलीनं असले टाके घातले असते," बाबा म्हणाले, "तर तिला कामावरून काढायला मीच पहिला आलो असतो."

कोणीतरी हसलं. मग तेही थांबलं. लेबल त्यांनी स्वतःच्या जुन्या हॅटमधून उसवून काढलं होतं, अध्यक्ष झाले त्या वर्षी घेतलेल्या हॅटमधून. तसं त्यांनी सांगितलं, सरळ, कारखान्यातल्या कामाबद्दल सांगावं तसं. मग हातोडी उचलली, टेबलावर ठोकली, हात इतका थरथरत होता की एकाऐवजी तीन ठोके पडले, आणि म्हणाले, "खोटं लेबल लावणाऱ्याचं नाव वाचायचं असतं. कॉर्नेलियस ड्युगन, फिनिशर. बाटला."

तोच आवाज. तुझं नाव वाचतानाचा. मी डोळे मिटले असते तर मला फरक कळला नसता.

मग एकच गलका. बार्टी खुर्चीवर चढला, एवढं पोट घेऊन. "अरे, मतदान घ्या! आत्ता घ्या! कॉन, लेका, दंड मी भरतो, तू नुसतं चूक झाली म्हण, इथं सगळे हात वर आहेत, बघ तरी!" आणि होते रे. सगळे हात वर होते. निम्मे थरथरत होते, पण वर होते. ब्रिजेटचाही होता. मी रडत होते, ते लपवत नाही.

बाबांनी सगळीकडे एकदा बघून घेतलं. म्हणाले, "चूक झाली असं मला म्हणता येणार नाही."

कोणाला आठवलं आणि कोणाला नाही, मला माहीत नाही. बार्टीला आठवलं. तो खुर्चीवरून खाली उतरला.

बाबांनी तुझी हॅट घेतली. दारापाशी वळून म्हणाले, "हॅम गार होतंय. बाटलेला माणूस खोलीत असताना तुम्हाला जेवता येणार नाही, मी निघतो." आम्ही चालत घरी आलो. वाटेत दोनदा थांबावं लागलं त्यांच्या छातीसाठी. घरी काहीच रांधलेलं नव्हतं, म्हणून मी अंडी उकडली.

विनी


२८ मे १९११

एमेट,

तुझं पत्र आलं. तीन ओळी, पण आलं. 'त्यांनी असं का केलं' म्हणून तू विचारतोस. मी तेच त्यांना विचारायचं टाळत होते. आता ऐक.

आधी घरची परिस्थिती. बाबा बाटलेले आहेत आणि मी चोख आहे. चौदा तारखेला त्यांनी अंडं खायला घेतलं, मी समोरची खुर्ची ओढली, तर म्हणतात, "तू कुठं बसतेस?"

"जेवायला."

"माझ्याबरोबर? युनियनची बाई आहेस तू."

"बाबा, हे घर आहे!"

"आईच्या जेवणाला हेच घर होतं."

तेव्हापासून ते टेबलावर एकटे बसतात आणि मी चुलीपाशी ताट हातात घेऊन उभी राहून जेवते. हसू नकोस. ब्रिजेट कॉन्वेनं बायकांच्या वतीनं येऊन सांगितलं की स्वयंपाकघर म्हणजे कारखाना नव्हे, तू बसलीस तरी आम्ही बघणार नाही. बाबांनी तिचे आभार मानले आणि मला उभंच ठेवलं.

गेल्या रविवारी बार्टी आला, हातात त्याच्या बायकोनं, मेरीनं केलेला केक. आत आला, टेबल बघितलं, बाबांना बघितलं, आणि आपला तुकडा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसला. तुझ्याच पायरीवर. जाळीच्या दारातून दोघं बोलत होते. तेवढा मोठा माणूस मांडीवर बशी घेऊन, आणि डोळ्यांतलं पाणी केकमध्ये पडतंय. माझ्याकडे वळून म्हणाला, "विनी, तुला कळलं का या थेरड्यानं काय केलं? नुसती हॅट घातली असती तर शिव्या आणि दंड, संपलं. नाव वाचलं जातं ते खोट्या लेबलाला. हा नियम कोणी केला? यानंच! आणि हॅट ठेवली कुठं? माझ्या नाकासमोर! गावात आणखी कोणाला तो काठ ओळखता आला असता?"

"केक चांगला झालाय," आतून बाबा म्हणाले. "मेरीला सांग."

बार्टी गेल्यावर मी ताटं विसळत होते. बाबा म्हणाले, "विने, एमेटला लिहितेस ना?"

त्यांनी तुझं नाव घेतलं, एमेट. हॉलमध्ये वाचलं ते सोडून, या घरात, इतक्या वर्षांनी. माझ्या हातातलं ताट निसटलं, फुटलं नाही, पत्र्याचं होतं.

"लिहिते."

"लिही की तो बाटलेला आहे आणि मीही बाटलेला आहे. बाटलेल्यानं बाटलेल्याबरोबर जेवू नये असं कुठं म्हटलेलं नाही. मी सगळे नियम आठवून बघितले. कुठंच अडत नाही."

"एवढंच लिहू?"

"त्याची बायको ऑगस्टा आणि पोर युनियनमध्ये नाहीत, त्यांना कोणाबरोबरही बसता येतं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि लिही, काठ डावीकडे जास्त वळलाय म्हणालो ते तसं काही नाही. उजेड वाईट होता."

तुला माफी मागायची नाहीय. त्यांनाही नाहीय. कोणाला काही म्हणायची गरज नाही, फक्त या. डॉक्टर परवा येऊन गेले, बाहेर अंगणात माझ्याशी बोलले. उन्हाळाभर म्हणाले, कदाचित. तू पहिल्या गाडीनं निघ. एल्साला घेऊन ये, जिच्यासाठी हे सगळं झालं ती पोर त्यांना बघायची आहे. मला तसं बोलले नाहीत, पण आपली लहानपणची उंच खुर्ची त्यांनी माळ्यावरून काढायला सांगितली, आणि जिना त्यांना बंद आहे म्हणून मीच काढली.

टेबलावर चार ताटं मांडीन. माझं नको, मी चुलीपाशी उभीच असेन. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिथून मला सगळं टेबल नीट दिसतं.

विनी